निळ्या डोंगरांतील फटफटी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर अशी डोंगरांची एक फार प्राचीन रांग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे गेलेली आहे. तिला अॅपलाशियन पर्वत म्हणतात. तिच्या पूर्वेकडील जो फांटा व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायना या राज्यांतून जातो त्याला ब्लू रिज, म्हणजे निळी धार, असें सार्थ नांव पडलेलें आहे. या डोंगरांवरील दाट झाडी उन्हाळ्याच्या दिवसांत जे सूक्ष्म वायुरूप पदार्थ हवेंत सोडते, त्यांच्या योगानें दूरच्या शिखरांवर निळसर धुकें पसरलेलें दिसतें. एकीमागें एक अशा पांच-सहा रांगा, प्रत्येक अलीकडच्या रांगेहून थोडी फिकट, शेवटची तर आकाशांत मिसळून गेलेली. हिवाळ्यांतल्या पहाटे महाबळेश्वराच्या कड्यावर उभें राहून ज्यांनीं कोयनेच्या खोऱ्याकडे पाहिलें असेल, त्यांना या देखाव्याची कल्पना सहज येईल. फरक इतकाच कीं, आपल्या सह्याद्रीचा उघडा काळा कातळ येथें फारसा दिसत नाहीं. डोंगर माथ्यापर्यंत हिरवे आणि उतारांनीं सौम्य आहेत.

या धारेच्या माथ्यावरून ४६९ मैलांचा, म्हणजे सुमारें ७५५ किलोमीटरांचा, एक रस्ता काढलेला आहे. ब्लू रिज पार्कवे हें त्याचें नांव. मंदीच्या काळांत बेकारांना काम मिळावें या हेतूनें १९३५ सालच्या सप्टेंबरांत त्याच्या कामाला आरंभ झाला आणि शेवटचा तुकडा जोडला गेला तो १९८७ सालच्या सप्टेंबरांत. बावन्न वर्षें ज्याला लागलीं तो हा रस्ता कोठें लवकर पोंचावें म्हणून बांधलेलाच नाहीं. आपला बोरघाटाचा रस्ता १८३० सालीं झाला तो मुंबई आणि दख्खन यांचें दळणवळण वाढावें म्हणून. हा रस्ता केवळ डोंगर पाहण्यासाठीं आहे. त्याच्यावर मालमोटारींना बंदी आहे, जाहिरातींचे फलक नाहींत आणि वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणीं ताशीं ४५ मैल इतकीच आहे. मैलांचे दगड उत्तरेकडून मोजलेले असून, लोक गांवाच्या नांवाऐवजीं दगडाचा आंकडा सांगूनच पत्ता देतात.

अशा रस्त्यावर फटफटीवाल्यांची रीघ लागावी यांत नवल नाहीं. मोटारींतील प्रवासी डोंगर कांचेंतून पाहतो. फटफटीवरील प्रवासी डोंगराचा वास घेतो आणि सांवलींत शिरतांच त्याचा गारवा अंगावर घेतो. समोरून येणारा फटफटीवाला ओळखीचा नसला तरी डावा हात खालच्या बाजूस किंचित् लांबवून नमस्कार करतो, आणि आपणहि तसाच करावयाचा असतो.

२०२३ सालच्या जून महिन्यांत या रस्त्यानें जाण्याचा योग मला आला तो माझ्या पुतण्यामुळें. तो रिचमंड शहरीं नोकरीस आहे. "काका, तुम्ही इतक्या दूर आलांत आणि मोटारीच्या खिडकींतून डोंगर पाहून परत गेलांत, तर माझ्या मनाला रुखरुख राहील. आपण गाडीवरून जाऊं," असें तो म्हणाला. गाडी म्हणजे त्याची लांबच्या प्रवासाची फटफटी. आपल्याकडे फटफटी म्हटली कीं जें वाहन डोळ्यांपुढें येतें, त्याच्याशीं हिचें नातें मांजराचें वाघाशीं असावें तितकेंच. नुसत्या गाडीचें वजन सुमारें ४०० किलो; तिला मागच्या स्वारासाठीं पाठ टेकण्याची खुर्ची, दोन्ही बाजूंस दोन पेट्या आणि पाठीमागें एक मोठी डिक्की. आम्ही दोघे आणि सामान धरून सर्व मिळून ६०० किलोंच्या आसपास ओझें दोन चाकांवर तोलावयाचें. गाडी त्यानें दुसऱ्याकडून वापरलेली घेतली होती. तिच्या कारखान्याचें नांव सांगण्याचें येथें कारण नाहीं, कारण पुढें जें सांगावयाचें आहे तें या जातीच्या कोणत्याहि जड गाडीला लागू पडतें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं पुण्याहून वहिनींचा फोन आला. "भावोजी, तुमचा शब्द तो मोडणार नाहीं. ती गाडी विकून टाक म्हणून तुम्हीच त्याला सांगा. सूनबाईला पांचवा महिना आहे. आतां तरी हें वेड पुरे." सूनबाईची आई त्या दिवसांत मदतीला आलेली होती, त्यामुळें घराची काळजी नव्हती. सूनबाई स्वतः गाडीविरुद्ध एक शब्दहि बोलली नाहीं. ताट वाढतां वाढतां ती फक्त इतकेंच म्हणाली, "काका, उतारावर हँडल थरथरतें असें हे दोनदां म्हणाले आहेत. एका दुरुस्तीवाल्यानें वर एक डँपर बसवा म्हणजे झालें, असें सांगितलें. तें खरें कीं नाहीं, एवढें पाहाल का?" वहिनींच्या आज्ञेपेक्षां हा प्रश्न मला अधिक जड वाटला.

रॉकफिश गॅप या खिंडींत शून्याचा मैल आहे. तेथून निघाल्यावर पहिले पन्नास मैल अतिशय सुखाचे गेले. पुढें रस्ता जेम्स नदीच्या खोऱ्यांत उतरूं लागतो. समुद्रसपाटीपासून अवघ्या ६४९ फुटांवरील हें ठिकाण म्हणजे सबंध रस्त्याचा सर्वांत खालचा बिंदु. त्या उतारावर पुतण्यानें वेग कमी करण्यासाठीं मूठ सैल सोडली, आणि समोरून आलेल्या एका स्वाराला नमस्कार करण्यासाठीं डावा हात उचलला. वेग ताशीं ४० मैलांच्या जवळपास होता. त्याच क्षणीं उजव्या हातांतील हँडल भराभर डावी-उजवीकडे थरथरूं लागलें. पालीची तुटलेली शेंपटी वळवळते तशी ती थरथर होती. त्यानें दुसरा हात ठेवतांच ती थांबली. मी कांहीं बोललों नाहीं, तोहि बोलला नाहीं.

नदी ओलांडल्यावर रस्ता पुन्हां चढतो, व्हर्जिनियांतील आपल्या सर्वोच्च ठिकाणीं, ३,९५० फुटांवर, पोंचतो आणि तेथून पीक्स ऑफ ऑटर नांवाच्या शिखरांकडे उतरतो. या उतारावर डांबराची एक आडवी चीर ओलांडतांना तीच थरथर पुनः सुरूं झाली. पण या वेळीं दोन्ही हात हँडलावर असून ती थांबेना. पुतण्यानें मुठी आवळल्या तशी ती उलट वाढली. उजवीकडे दरी होती. माझ्या गुडघ्यांना, पाठीला, दातांना ती थरथर जाणवत होती, आणि मागें बसलेल्या माणसाच्या हातांत तर कांहींच नसतें. मग त्यानें खांदे सैल सोडले, मुठी हलक्या केल्या, शरीर थोडें पुढें झुकविलें आणि ब्रेक न दाबतां गाडीचा वेग आपोआप उतरूं दिला. ताशीं ३० मैलांच्या खालीं येतांच हँडल शहाण्या मुलासारखें स्वस्थ झालें. हें सर्व पांच-सहा सेकंदांत आटोपलें असेल.

त्या रात्रीं आमचा मुक्काम शिखरांच्या पायथ्याच्या सरोवराकांठीं होता. पाण्यांत डोंगराची सांवली पडलेली होती. पुतण्या बराच वेळ मुकाट बसला आणि मग म्हणाला, "काका, आईनें तुम्हांला काय सांगितलें आहे तें मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल तर गाडी येथेंच ठेवूं, भाड्याची मोटार घेऊन परत जाऊं, आणि गेल्यावर मी ती विकून टाकीन."

वडीलधाऱ्या माणसाचा शब्द ही घरांतली मोठी शक्ति आहे, परंतु ती वापरण्याआधीं वडीलधाऱ्यानें आपल्याला ठाऊक काय आहे हें स्वतःला विचारावें, असें मला वाटतें. मी 'वीक' म्हणालों असतों, तर त्यानें गाडी विकली असती. ती सदोष गाडी दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या हातीं गेली असती आणि थरथर कशामुळें होती हें कोणालाच कळलें नसतें. मी 'ठेव' म्हणालों असतों, तर तें लाडाचें बोलणें झालें असतें. "अरे, कारण कळल्याशिवाय मी दोन्हींपैकीं एकहि सांगणार नाहीं," असें मी म्हणालों. "उद्यां गाडी चालवावयाची नाहीं. ती एखाद्या मालगाडीवर चढवून जाणत्या माणसाकडे नेऊं. तो काय म्हणतो तें ऐकूं आणि मग ठरवूं."

तेथून तीस-पस्तीस मैलांवर रोआनोक नांवाचें शहर आहे. हें रेल्वेचें गांव. वाफेच्या एंजिनांच्या अखेरच्या काळांत येथील कारखान्यांत मोठीं नामांकित एंजिनें तयार झालीं. '६११' या क्रमांकाचें प्रसिद्ध एंजिन १९५० सालीं येथेंच बांधलें गेलें. शहराबाहेर एक लहानसा फटफट्या दुरुस्त करण्याचा कारखाना आम्हांला कोणी सांगितला. मालक पांसष्टीच्या घरांतला, मितभाषी, हातांत फडकें घेतलेला. त्याचे वडील रेल्वेच्या कारखान्यांत होते.

त्यानें प्रथम पान्याला हात लावला नाहीं. आपल्याकडील जुने वैद्य नाडी पाहण्यापूर्वीं जसे प्रश्न विचारीत, तसे त्यानें विचारले. वेग किती होता? मूठ सोडलेली होती कीं ओढलेली? फक्त हँडल हलत होतें, कीं सगळी गाडी मागच्या बाजूपासून डोलत होती? एका सेकंदांत किती वेळां? शेवटच्या दोन प्रश्नांतच अर्ध्या रोगाचें निदान असतें, हें मला मागाहून वाचल्यावर कळलें. जड फटफटीचे डगमगणें दोन जातींचें असतें. एकांत पुढचें चाक आणि हँडल तेवढें सेकंदाला सहा ते नऊ वेळां फडफडतें. हें मध्यम वेगांत होतें. दुसऱ्यांत सबंध गाडी सेकंदाला दोन-चार वेळां सर्पाकार झोंके घेते. हें बहुधा मोठ्या वेगांत होतें. दोन पायांच्या घोड्याचा हा स्वभाव गणितानें शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. १८९९ सालीं व्हिपल या इंग्रज गणितज्ञानें सायकलच्या तोलाचीं समीकरणें मांडलीं, आणि १९७१ सालीं शार्प या शास्त्रज्ञानें फटफटीचे हे दोन डोल वेगवेगळे करून दाखविले.

फडफड मुळांत होतेच कां, हें विमानतळावरील सामानाची ढकलगाडी ज्यांनीं ओढली आहे त्यांना लवकर समजेल. त्या गाडीचें लहान चाक आपल्या खुंटीच्या मागें ओढलें जातें, म्हणून तें आपोआप सरळ होतें. फटफटीच्या पुढच्या चाकाचीहि रचना तशीच असते: हँडलाच्या कण्याची रेघ जमिनीपर्यंत वाढविली तर ती चाक जेथें टेकतें त्याच्या कांहीं इंच पुढें पडते. त्यामुळें चाक वळलें तरी सरळ येऊं पाहतें. पण सरळ येतांना तें थोडें पलीकडे जातें, मग पुनः अलीकडे येतें. घर्षण आणि टायरचा चिवटपणा यांनीं हे झोंके एरवीं तत्काळ मरून जातात. ढकलगाडीचें चाक ढिलें झालेलें असलें म्हणजे मात्र तें कसें फडफडतें, हें आपण पाहतोंच.

आणि ताशीं ४० मैलांनाच हें कां व्हावें? त्याचें उत्तर घरांतील झोपाळ्यांत आहे. झोपाळ्याला हलकासा धक्का असला, पण तो बरोबर त्याच्या लयींत दिला, तर झोंका वाढतच जातो. अशा गाडीच्या पुढच्या चाकाचा घेर सुमारें दोन मीटर असतो. ताशीं ३५ ते ४० मैल या वेगांत तें सेकंदाला आठ-नऊ फेरे घेतें. चाकांत किंवा टायरांत कोठें उणेंअधिक असेल, तर दर फेऱ्याला एक धक्का. म्हणजे सेकंदाला आठ-नऊ धक्के. हँडलाच्या फडफडीची स्वाभाविक लय तीच. धक्का आणि लय जुळली कीं झोपाळा चढूं लागतो. फार वाढलेल्या फडफडीला अमेरिकन लोक 'टँक-स्लॅपर' म्हणतात, कारण हँडल पेट्रोलच्या टाकीला दोहों बाजूंनीं थपडा मारूं लागतें.

डँपरची गोष्ट निघतांच तो कारागीर हंसला. डँपर म्हणजे तेलाच्या नळीचें एक यंत्र. तें हँडलाच्या जलद हालचालीला विरोध करतें. तो म्हणाला, "निरोगी गाडीवर तें असण्याला माझी ना नाहीं. पण आजारी गाडीवर तें बसविलें म्हणजे रोग बरा होत नाहीं, फक्त रोगी कण्हायचा थांबतो." मग त्यानें आगगाडीचें उदाहरण दिलें. रुळांवरील चाकें किंचित् निमुळतीं घडलेलीं असल्यामुळें डबा स्वभावतःच डावी-उजवीकडे झोंके घेत जातो. चाकें झिजलीं म्हणजे ते झोंके कमी वेगांतच वाढूं लागतात. त्याचे वडील सांगत, "झोंका दिसला कीं आधीं झीज शोध."

झीज शोधण्याची त्याची रीत पाहण्यासारखी होती. एका वेळीं तो एकच गोष्ट बदली, आणि गाडी स्वतः रिकाम्या सरळ रस्त्यावर, भरल्या सामानानिशीं, दोन्ही हात हँडलावर हलके ठेवून फिरवून आणी. हात सोडून गाडी अजमावून पाहण्याची फुशारकी त्यानें केली नाहीं. ती परीक्षा नव्हे, तो जुगार आहे, असें तो म्हणाला.

प्रथम हवा. पुढच्या टायरांत ती ठरलेल्या मापाहून बरीच कमी भरली. ती पुरी केली. मग सामान. डिक्कीच्या झांकणाच्या आंत नऊ किलोंची मर्यादा छापलेली होती. तिच्यांत पाण्याच्या बाटल्या, तंबूचें सामान, कॅमेरा आणि चकल्यांचा डबा मिळून वीस किलो निघाले. ही डिक्की मागच्या चाकाच्या आंसाच्याहि मागें असते. बैलगाडींत ओझें मागें जास्त झालें म्हणजे ती उलाळते आणि जूं बैलांच्या मानेवरून उचललें जाऊं पाहतें, हें खेड्यांत वाढलेल्या कोणालाहि सांगावें लागत नाहीं. येथेंहि तेंच. मागचें ओझें पुढच्या चाकावरील भार हलका करतें, आणि हलकें चाक लवकर फडफडतें. जड वस्तु त्यानें बाजूच्या पेट्यांत, तळाशीं आणि पुढच्या अंगाला, दोहोंकडे सारखें वजन पडेल अशा बसविल्या. मागच्या शॉकअब्सॉर्बरची स्प्रिंग दोन माणसांच्या भाराला योग्य इतकी आवळली, म्हणजे गाडी मागें बसून पुढें नाक वर करणार नाहीं. एवढें करून तो फिरून आला. थरथर निम्मी झाली होती, पण गेली नव्हती.

दुसरी पाळी टायरची. वरून पाहतां नक्षी शाबूत होती; पण त्यानें माझा तळवा धरून टायरवरून फिरविला, तेव्हां पाट्यावरून हात फिरवावा तसे उंचवटे आणि खळगे हाताला लागले. हेच दर फेऱ्याला बसणारे धक्के. नवा टायर चढवून, चाक कांट्यावर तोलून, जेथें हलकें भरलें तेथें शिशाचा लहानसा तुकडा डकविला.

तिसरें स्थान हँडलाच्या मानेंतील बेअरिंगचें, ज्याला आपले मिस्त्री कोनसेट म्हणतात. सांगाड्याखालीं जॅक लावून पुढचें चाक जमिनीवरून उचललें. चिमट्याचे खालचे दोन्ही पाय धरून त्यानें पुढें-मागें हलविले, तों 'टक्' असा बारीक आवाज आला. मग हँडल एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अगदीं सावकाश फिरविलें. बरोबर मध्यावर तें खांचेंत बसल्यासारखें अडलें. त्यानें मान उघडून आंतील कडी माझ्या हातांत दिली. गाडी बहुतेक सरळच चालते, म्हणून गोळ्या वर्षानुवर्षें एकाच जागीं राहतात, आणि रस्त्याचा प्रत्येक हादरा त्या जागीं घण घालतो. कडीवर गोळ्यांच्या आकाराचे लहान लहान खळगे एका ओळींत उमटलेले होते. त्यानें गोळ्यांच्या जागीं निमुळत्या रुळांचें बेअरिंग बसविलें. गोळी एका बिंदूवर टेकते, रूळ सबंध रेघेवर टेकतो, म्हणून भार वांटला जातो. तें आवळतांना त्यानें हाताच्या अंदाजावर विसंबून न राहतां ताणकांटा लावून हँडल फिरविण्यास किती जोर लागतो तें मोजलें. ढिलें राहिलें तर गाडी फडफडते. फार आवळलें तर हँडल अडखळतें, सरळ रेघ धरीत नाहीं आणि गाडी नागमोडी जाऊं लागते. शेवटीं मागच्या चिमट्याची खीळ, चाकांचे आंस आणि सर्व नट तपासले. तेथें कांहीं दोष नव्हता.

दोन दिवस लागले. अखेरच्या फेरीनंतर तो फडक्यानें हात पुसत म्हणाला, "तीन कारणें होतीं. एकेक पाहिलें तर कोणतेंहि मोठें नव्हतें. तिघें एकत्र आलीं म्हणून जिवावर बेतलें." पुतण्यानें विचारलें, "आणि पुन्हां कधीं झालेंच तर?" त्यावर त्यानें सांगितलेलें उत्तर असें होतें: मुठी आवळूं नयेत, कारण ताठ हात म्हणजे झोपाळ्याला आणखी एक धक्का देणारा; ब्रेक दाबूं नये, कारण पुढच्या ब्रेकानें भार एकदम पुढें येऊन फडफड भडकूं शकते; गुडघे टाकीला टेकवावे, अंग पुढें घ्यावें, मूठ हळूहळू सोडावी, आणि वेग उतरूं द्यावा. मग थांबून कारण शोधल्याखेरीज पुढें जाऊं नये.

संध्याकाळीं पुतण्यानें मला विचारलें, "मग काका?" मी म्हणालों, "आतां सांगतों. गाडी ठेव. पण डिक्कीवर छापलेला आंकडा मोडावयाचा नाहीं, दर प्रवासापूर्वीं हवा पाहावयाची, आणि मूल जन्मल्यावर निदान एक वर्ष ही गाडी मागच्या खुर्चीवर कोणाला घेऊन जाणार नाहीं. हें तुझ्या आईसाठीं नव्हे. त्या घरांत तुझ्या येण्याची वाट पाहणारें आणखी एक माणूस वाढणार आहे म्हणून." त्यानें तें मान्य केलें, आणि त्याच रात्रीं घरीं फोन करून सूनबाईला तीन कारणें एक-दोन-तीन करून सांगितलीं. ती म्हणाली, "तीनच होतीं ना? मग या सावकाश पुढें जाऊन."

पुढचा प्रवास मात्र केवळ आनंदाचा झाला. १७६ व्या मैलावरील मेब्री मिल ही जुनी पाणचक्की, तिच्या पुढचें स्थिर तळें आणि लांकडी पन्हळींतून चाकावर पडणारें पाणी हें दृश्य पाहतांना आम्ही एक तास कसा घालविला तें कळलें नाहीं. ग्रँडफादर पर्वताच्या अंगावरून लिन कोव्ह या नांवाचा पूल वळसे घेत जातो. १,२४३ फूट लांबीचा हा पूल १५३ तुकड्यांचा आहे, आणि डोंगराला जखम होऊं नये म्हणून ते तुकडे तयार पुलाच्या टोंकावरूनच एकापुढें एक जोडीत नेले. अॅशव्हिलच्या अलीकडे क्रॅगी येथील उतार जांभळ्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांनीं भरलेले होते. ४३१ व्या मैलावर ६,०५३ फुटांवरील सर्वोच्च ठिकाण आलें. तेथून उतरून आणि पुनः चढून रस्ता वॉटररॉक नॉब या शिखराजवळ येतो आणि मग शेवटच्या अठरा मैलांत साडेतीन हजार फुटांहून अधिक खालीं चेरोकी गांवाकडे उतरतो. सबंध उतारभर मूठ सोडलेली होती, वेग ३५ ते ४५ मैलांमध्यें होता. माझें लक्ष, खरें सांगावयाचें तर, डोंगराकडे कमी आणि हँडलाकडे जास्त होतें. तें देवघरांतील समईच्या ज्योतीसारखें स्थिर होतें.

पुढच्याच वर्षीं, २०२४ सालच्या सप्टेंबराच्या अखेरीस, हेलीन या वादळानें उत्तर कॅरोलायनांतील याच डोंगरांना झोडपून काढलें. दरडी कोसळल्या, झाडें आडवीं झालीं, रस्ता जागोजाग खचला आणि त्याचे लांबच लांब भाग बंद ठेवावे लागले. माळीण आणि इर्शाळवाडी यांचीं दुःखें पाहिलेल्या आपल्याला डोंगराच्या या रूपाची वेगळी ओळख करून द्यावयास नको. आम्ही पाहिलेला रस्ता शांत दिवसांतला होता, एवढेंच.

मद्रासेस १९५५ पासून बुलेट बांधली जाऊं लागली, तेव्हांपासून जड फटफटी आपल्याहि घरांत शिरलेली आहे. आतां तर तिच्याहून जड गाड्यांवरून पुण्याचे आणि मुंबईचे तरुण आंबोलीच्या घाटानें गोव्याला आणि थेट लडाखपर्यंत जातात. मागें दोरीनें बांधलेल्या पिशव्यांचा डोंगर, त्याच्यापुढें बसलेला मित्र, आणि कधीं तपासलेली नसलेली हवा, हें दृश्य दर पावसाळ्यानंतर महामार्गावर दिसतें. त्यांच्या घरींहि एखाद्या वहिनी असतात आणि एखादा काका असतो. त्यांनीं नुसतें 'जाऊं नकोस' म्हणण्याआधीं अंगणांत जाऊन चार गोष्टी पाहाव्यात: हवा किती आहे, टायरवरून हात फिरविला तर गुळगुळीत लागतो का, पुढचें चाक उचलून हँडल फिरविलें तर मध्यें अडतें का, आणि ओझें मागच्या चाकाच्या मागें लोंबतें का. या पाहणीला अर्धा तास पुरतो. त्यांत दोष आढळला तर 'जाऊं नकोस' या शब्दाला कारणाचें बळ येतें आणि तरुण माणूस तो ऐकतो. दोष न आढळला तर 'सुखरूप जाऊन ये' असें म्हणतांना मनांत किंतु राहत नाहीं.

वहिनींना मी परत आल्यावर सर्व हकीकत सांगितली आणि कारागिरानें मला दिलेली ती खळगे पडलेली कडी त्यांच्या हातांत ठेवली. त्यांनीं ती बराच वेळ बोटांनीं चांचपून पाहिली. "एवढ्याशा खळग्यांनीं?" त्या म्हणाल्या. मग ती त्यांनीं कपाटांत, मुलाच्या जुन्या प्रगतिपुस्तकांशेजारीं, ठेवून दिली.